साधं की प्रीमियम? मामांच्या ब्रेझाचं डिझेल-प्रकरण

मामांची गाडी फोंडा घाटात बंद पडली त्या दिवशी मी कुडाळला ऑफिसात होतो आणि फोनवर पहिलं वाक्य ऐकू आलं ते मामीचं, "मेल्यान पाणी घातल्यान डिझेलात!" मेल्यान म्हणजे पंपवाल्याने. मामांचं म्हणणं काही वेगळंच असणार हे मला माहीत होतं, पण ते बोनेटमध्ये डोकं घालून उभे होते, वरून पाऊस धो धो, मामीची कोल्हापूरला डॉक्टरची अपॉइंटमेंट आणि मागे ट्रकवाले हॉर्न मारतायत.

तर हे प्रकरण त्या गाडीचं. २०१८ ची ब्रेझा, डिझेल, तेच १२४८ सीसीचं १.३ इंजिन जे मूळ फियाटचं आणि एके काळी आपल्या रस्त्यावरच्या निम्म्या डिझेल गाड्यांत असायचं असं वाटावं इतकं सगळीकडे होतं. एप्रिल २०२० ला बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं नवं सरकारी मानक आलं आणि मारुतीने डिझेलच बंद केलं, त्यामुळे मामा ही गाडी विकायला तयार नाहीत, म्हणतात आता अशी मिळणार नाय. साधारण ७८ हजार किलोमीटर झालेत. मालवणातून कुडाळ, कणकवली, महिन्यातून एकदा घाट चढून कोल्हापूर, गणपतीत मुंबई, एवढा वापर.

मामांबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी नाहीतर पुढचं कळणार नाही. मामा एस.टी.त २८ वर्षं ड्रायव्हर होते. एस.टी.त डिझेलचा हिशोब लिटरला किती असा नसतो, केपीटीएल असतो, म्हणजे १० लिटरला किती किलोमीटर. डेपोत कुणाचा केपीटीएल किती यावर चर्चा चालायची, कमी आला तर साहेब बोलावून विचारायचे. ही सवय माणसाची जात नाही, त्यामुळे ब्रेझाच्या डॅशबोर्डात एक निळी डायरी आहे आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक टाकी त्यात लिहिलेली आहे. तारीख, लिटर, किलोमीटर, केपीटीएल, आणि शेरा. शेऱ्यात "एसी चालू" किंवा "मामी व सामान" असं काहीही असतं.

गाडी टो करून कणकवलीत आणली आणि दोन दिवसांनी मालवणात मेस्त्रींकडे. हे मेस्त्री मुळात ट्रॉलरच्या इंजिनांचे, गाड्या नंतर करायला लागले. त्यांनी डिझेल फिल्टर खालून सोडवला, निघालेलं डिझेल एका काचेच्या बाटलीत भरलं आणि खिडकीत ठेवून दिलं. सकाळी बघितलं तर वर पिवळट डिझेल आणि तळाला दोन बोटं गढूळ पाणी, त्यात तांबूस गाळ. मेस्त्री एवढंच म्हणाले, "डिझेल खयचाय घाल, पाणी घालू नको."

(खयचाय म्हणजे कुठलंही.) तेव्हा या वाक्याकडे कुणीच लक्ष दिलं नाही. मी पण नाही दिलं, हे कबूल करतो. कारण तोपर्यंत घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विषय भलतीकडेच गेला होता, की "यापुढे प्रीमियम डिझेलच भरायचं". प्रीमियम म्हणजे इंजिन साफ ठेवणारी वगैरे रसायनं, ज्यांना अॅडिटिव्ह म्हणतात, ती वरून मिसळलेलं महागडं डिझेल. या मताचा आद्य पुरस्कर्ता मीच. माझा युक्तिवाद सोपा होता, मामा भरतात ते आडबाजूच्या छोट्या पंपावर, का तर तिथे रांग नसते आणि ओळख आहे, त्यापेक्षा हायवेला जाऊन भारीतलं डिझेल भरावं, इंजिन साफ राहील, अॅव्हरेज वाढेल, इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर वाचतील. इंजेक्टर एकेक पाच आकड्यांत जातो, चार आहेत. लिटरला पाच रुपये जास्त गेले तर काय बिघडतंय.

मामांचं उत्तर, "पाच रुपये जास्त देवन माका काय मिळतला ता कागदावर दाखय."

आणि मग लेस्टरचा दादा मध्ये पडला. मावसभाऊ, १५ वर्षं इंग्लंडात, त्याच्याकडे डिझेल ऑक्टाव्हिया. तो म्हणाला अरे आमच्याकडे हाच वाद रोज चालतो, फक्त नावं वेगळी, सुपरमार्केटचं डिझेल की प्रीमियम. आता आपल्याला सुपरमार्केटचं डिझेल ही कल्पनाच विनोदी वाटते, डीमार्टमध्ये तांदूळ घेतला आणि बाहेर टाकी फुल केली असं आपल्याकडे नसतं. पण तिकडे टेस्को, आस्डा, सेन्सबरीज या दुकानांचे स्वतःचे पंप असतात आणि देशातल्या इंधनाचा फार मोठा हिस्सा तिथूनच विकला जातो. गिऱ्हाईक दुकानात यावं म्हणून दर कमी ठेवायचा, ही मूळ युक्ती. समोर शेल व्ही-पॉवर, बीपी अल्टिमेट, एस्सो सुप्रीम वगैरे, लिटरला पंधरा-वीस पेनी महाग. आणि लोकांच्या मनात पक्कं बसलंय की सुपरमार्केटचं म्हणजे पाणचट.

दादा म्हणाला की पाणचट काही नाही, कारण तिकडे पंपावर विकायच्या प्रत्येक डिझेलला ईएन ५९० हे युरोपियन मानक पाळावंच लागतं. सल्फर १० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत १०) जास्त नाही, सिटेन क्रमांक, म्हणजे डिझेल किती पटकन पेटतं त्याचं माप, ५१ च्या खाली नाही, बायोडिझेल ७ टक्क्यांपर्यंत. टँकर भरतात त्याच रिफायनऱ्या आणि टर्मिनलमधून, फरक पडतो तो टँकर भरताना कुठल्या कंपनीचं अॅडिटिव्ह किती टाकलं यात. मग मी त्याला विचारलं की लोकांना भीती आली कुठून, तर त्याने २००७ सालची गोष्ट सांगितली. तेव्हा इंग्लंडच्या आग्नेय भागात हजारो गाड्या एकदम झटके द्यायला लागल्या, शोधल्यावर कळलं की एसेक्समधल्या एका टर्मिनलच्या पेट्रोलमध्ये सिलिकॉन गेलं होतं आणि त्याने गाड्यांचे ऑक्सिजन सेन्सर खराब केले, ते पेट्रोल प्रामुख्याने सुपरमार्केटच्या पंपांवर गेलेलं. म्हणजे ती भेसळीची घटना होती, तीही पेट्रोलची, पण लोकांच्या डोक्यात राहिलं ते "सुपरमार्केट म्हणजे हलकं" एवढंच. हे ऐकताना मला ती खिडकीतली बाटली आठवायला हवी होती, नाही आठवली.

दादाने अजून एक गंमत सांगितली ती इथे लिहून ठेवतो. तिकडच्या स्पर्धा आयोगाने, सीएमए म्हणतात त्याला, जुलै २०२३ मध्ये अहवाल दिला की २०१९ ते २०२२ मध्ये सुपरमार्केटांनी आपला मार्जिन लिटरला ६ पेनीने वाढवला आणि २०२२ या एका वर्षात त्यापायी ग्राहकांचे सुमारे ९० कोटी पौंड जास्त गेले. म्हणजे स्वस्तातल्या पंपवाल्यांनाही पूर्वीइतकं स्वस्त विकायची घाई राहिली नव्हती.

आता आपल्याकडचं. आपल्याकडे भेद सुपरमार्केटचा नाही, साध्याचा आणि ब्रँडेडचा, म्हणजेच प्रीमियमचा. इंडियन ऑइलचं एक्स्ट्राग्रीन, एचपीचं टर्बोजेट वगैरे. खाजगीत जिओ-बीपीने मे २०२३ पासून अॅडिटिव्हवालंच डिझेल जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. दावे सगळ्यांचे टक्क्यांत, जिओ-बीपी म्हणतं ४.३ टक्क्यांपर्यंत अॅव्हरेज वाढतं, इंडियन ऑइल ५-६ टक्के म्हणतं. आणि ब्रँडेड महाग असण्याचं एक कारण असं की त्यावर केंद्राचा अबकारी करच जास्त आहे, मे २०२२ च्या कपातीनंतर हिशोब केला तर लिटरमागे २ रुपये ४० पैशांचा फरक निघतो. म्हणजे आपण जास्तीचे जे पाच रुपये देतो त्यातला जवळजवळ अर्धा भाग अॅडिटिव्हला जातच नाही, दिल्लीला जातो. हे मी ग्रुपवर टाकलं आणि माझाच मुद्दा अर्धा मेला.

इथे दोन गैरसमज साफ करतो कारण ते दोन्ही माझे होते. पहिला, बिलावर "एचएसडी" लिहिलेलं असतं ते बघून मला वाटायचं हे हाय स्पीड म्हणजे भारीतलं असेल. मामा हसले. एस.टी.च्या डेपोत २८ वर्षं एचएसडीच भरलं जायचं, ते साध्या डिझेलचंच सरकारी नाव, पूर्वी लाइट डिझेल ऑइल वेगळं असायचं म्हणून हे हाय स्पीड. दुसरा, मी प्रीमियम डिझेलची तुलना ९५ किंवा १०० ऑक्टेनच्या पेट्रोलशी करत होतो. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल आपोआप पेटायला किती विरोध करतं ते, आणि डिझेलचं सिटेन बरोब्बर उलटं, दाबाखाली किती पटकन पेटतं ते. आपल्या बीएस-६ डिझेललासुद्धा किमान ५१ सिटेन आणि १० पीपीएम सल्फरची अट आहेच, म्हणजे कागदावर मालवणच्या पंपावरचं डिझेल आणि लेस्टरच्या टेस्कोतलं डिझेल सख्खे भाऊ. मामांची गाडी तर बीएस-४ ची, जेव्हा ५० पीपीएम सल्फर चालायचं, त्यामुळे २०२० पासून तिला तिच्या अपेक्षेपेक्षा चांगलंच इंधन मिळतंय.

आणि "साधं" म्हणजे कोरं नसतं. डिझेलमधलं सल्फर काढायची प्रक्रिया करताना त्याचा वंगणपणा पण जातो, तसंच विकलं तर इंजिनातला हाय प्रेशर पंप झिजेल, म्हणून रिफायनरीतच वंगणासाठी अॅडिटिव्ह घालतात आणि त्याची चाचणी सगळ्या डिझेलला लागू आहे, झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही, युरोपात आणि आपल्याकडेही. प्रीमियममध्ये वरून येतो तो मुख्यतः डिटर्जंट, थोडं सिटेन वाढवणारं, गंज आणि फेस रोखणारं. थंडीत डिझेल गोठू नये म्हणून तिकडे हिवाळ्यात जे वेगळं डिझेल असतं त्याचा मालवणला काही संबंध नाही, इथे डिसेंबरात पण पहाटे पंखा चालू असतो.

डिटर्जंटचा उपयोग खोटा नाही हे मान्य करायला पाहिजे. मामांच्या गाडीसारख्या कॉमन रेल इंजिनात १६०० बारच्या (हवेच्या दाबाच्या सोळाशे पट) आसपास दाबाने डिझेल इंजेक्टरच्या टोकाच्या भोकांतून जातं, ती भोकं केसाच्या जाडीला लागून असलेल्या मापाची, तिथे कोळ, म्हणजे जळक्या डिझेलचा थर, जमला की फवारा बिघडतो. डिटर्जंट तो कोळ जमू देत नाही, जमलेला हळूहळू काढतो. पण युरोपात याची जी नेहमीची चाचणी आहे ती कशी करतात बघा, प्यूजोच्या इंजिनात डिझेल घालतात आणि त्या डिझेलात मुद्दाम १ पीपीएम जस्त मिसळतात, का तर जस्ताशिवाय पुरेसा कोळ वेळेत जमतच नाही. मग डिटर्जंट घालून पॉवर कशी परत आली ते मोजतात. चाचणी म्हणून ठीक आहे, पण त्याचा अर्थ प्रत्येक गाडीत तेवढा कोळ आहे असा होत नाही. आणि ग्रुपवर भाच्याने जो अमेरिकन अभ्यास टाकला होता, एएए या तिकडच्या वाहनचालकांच्या संघटनेचा २०१६ चा, १९ पट कमी कोळ वगैरे, तो पेट्रोलचा आहे. त्या पोस्टला सगळ्यांनी अंगठा दिला होता, वाचली कुणीच नव्हती.

शेवटी मामांनी निर्णय दिला, करून बघू. दिवाळीनंतर सहा टाक्या साध्या, सहा टाक्या प्रीमियम, दोन्ही हायवेच्या एकाच मोठ्या पंपावरून, एकाच नोझलजवळ गाडी उभी करून, टाकी भरली की नोझल आपोआप बंद होतं त्या पहिल्या ऑटो-कटला थांबायचं, वर टुकटुक भरायचं नाही. टायरची हवा दर पंधरवड्याला. मी म्हटलं मामा तुम्ही पीएचडी करताय, ते म्हणाले डेपोत ह्या रोजचा होता.

आधी गणित करून ठेवलं. साधं ९२ धरलं, प्रीमियम ९७. साध्यावर सहा टाक्यांचा सरासरी केपीटीएल आला १८४, म्हणजे लिटरला १८.४. आता पैसे वसूल व्हायचे तर १८४ ला ९७ ने गुणा, ९२ ने भागा, १९४ यायला पाहिजे. म्हणजे साडेपाच टक्के जवळपास, कंपनीच्या दाव्याच्या वरच्या टोकाला गाडी पोचली तरच जेमतेम बरोबरी. दादाकडे तर अजून कठीण, तिथे फरक दहा टक्क्यांवर जातो.

प्रीमियमच्या सहा टाक्यांचा सरासरी आला १८७.

मी खूश झालो, वाढला ना! मामांनी डायरी पुढे ढकलली. शेरे बघ म्हणाले. प्रीमियमच्या सहा टाक्या डिसेंबर-जानेवारीतल्या, एसी जवळजवळ बंद. साध्यातल्या दोन टाक्यांत घाट दोनदा चढलेला. आणि एका भरण्याला साधारण ३६ लिटर जातात, त्यात ऑटो-कट एक लिटर आधी किंवा नंतर झाला की तिथेच पावणेतीन टक्क्यांचा घोळ, आमचा सगळा फरक दीड टक्क्याचा. मग फेब्रुवारीत त्यांनी गुपचूप एक टाकी साधी भरली, कुणाला न सांगता, आणि केपीटीएल आला १८८. शेऱ्यात लिहिलंय "साधे. एकटा."

प्रीमियमवर गाडी गुळगुळीत चालते असं मामी ठामपणे म्हणत होती. त्या गुपचूप टाकीच्या वेळी पण ती तेच म्हणाली.

माझ्या मते यातून "प्रीमियम फुकट आहे" असं सिद्ध होत नाही, एका गाडीच्या तेरा टाक्यांतून काही सिद्ध होत नसतं, आणि इंजेक्टर दीड लाख किलोमीटरला कसे असतील ते तीन महिन्यांत कळत नाही. पण अॅव्हरेज वाढून पैसे वसूल होतील हा जो माझा मुख्य मुद्दा होता तो गेला. राहतो विमा म्हणून भरायचा मुद्दा. प्रयोगाचे महिने सोडले तर वर्षाला ११ हजार किलोमीटर, म्हणजे सहाशेच्या आसपास लिटर, म्हणजे वर्षाचे तीन हजार रुपये. मामा म्हणाले तीन हजारात दोन फिल्टर येतात आणि वर मेस्त्रीचा चहा.

आणि इथे, इतक्या उशिरा, आम्ही परत बाटलीकडे आलो. मी मेस्त्रींना जाऊन विचारलं की प्रीमियम असतं तर गाडी बंद पडली नसती का. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी शाळेत मागच्या बाकावर बसणारा आहे. प्रीमियमचा टँकर असो की साध्याचा, पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी असेल तर दोन्ही सारखेच. मग त्यांनी ट्रॉलरचं सांगितलं. जून-जुलै मासेमारी बंद, बोटी दोन महिने उभ्या, एक ऑगस्टला इंजिन चालू करायच्या आधी शहाणा माणूस टाकीचा तळ सोडून बघतो. डिझेलपेक्षा पाणी जड, ते खाली बसतं, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढून चिकट गाळ होतो, फिल्टर चोंदतो. बोटवाल्यांना सोसायटीच्या पंपावरचं डिझेल मिळतं, व्हॅटचा परतावा असतो, ते पण साधंच डिझेल. त्यावर आयुष्यभर इंजिनं चालतात. पण प्रत्येक बोटीवर पाणी वेगळं करायचं भांडं असतं आणि तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, ते रोज बघतो. "तुमच्या मामान फिल्टर कधी बदललेलो ता इचार."

विचारलं. डायरीत सगळं होतं, हे नव्हतं. शेवटचा फिल्टर तीस हजार किलोमीटरपूर्वी. डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागत होता का? मामा गप्प. मामी म्हणाली, "लागायचो तर! मी इचारलंय, म्हणाले सेन्सर खराब आसा." २८ वर्षं एस.टी. चालवलेल्या माणसाने हे करावं... पण डेपोत फिल्टर बदलायला वेगळा माणूस असायचा, हे पण खरं.

पाणी नक्की कुठून आलं याचा निकाल लागला नाही. त्या छोट्या पंपावर मामा आणि मी गेलो. मॅनेजर चिडला नाही, त्याने टाकीतली पातळी मोजायच्या डिप रॉडला पेस्ट लावून टाकीत सोडून दाखवली, पाणी असेल तर पेस्टचा रंग बदलतो, नाही बदलला. त्या दिवशी नव्हतं एवढाच त्याचा अर्थ, जुलैत पंपाच्या आवारात घोट्याभर पाणी होतं तेव्हा काय होतं ते कोण सांगणार. त्या पंपाला टँकर दहा-बारा दिवसांनी एकदा येतो, हायवेवाल्याकडे एकाआड एक दिवस. माझा संशय तिथेच आहे, खप कमी म्हणजे डिझेल टाकीत पडून राहतं आणि तळाचं कधीच पूर्ण फिरत नाही. मेस्त्रींचा संशय मामांवर, पावसाळ्यात पाव टाकीवर गाडी तीन-तीन आठवडे उभी, आत हवा, हवेत ओल. मला वाटतं तेवढ्याने दोन बोटं पाणी येत नाही, पण मी मेस्त्रींशी वाद घालत नाही.

पंपावर काय तपासता येतं हे मात्र त्या निमित्ताने शिकलो. घनता मागा, दाखवतात, टँकर आला तेव्हाची नोंद आणि आताची यात ३ पेक्षा जास्त फरक नको (किलो प्रति घनमीटर), केरोसीन मिसळलं की घनता खाली येते. पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा, त्यात २५ मिलिलिटरपर्यंतची तफावत चालते, त्यापुढे नाही. फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघायची चाचणी पेट्रोलची, डिझेलवर करू नका, डिझेलचा डाग पडणारच, एकाने तसं करून पंपावर भांडण केलेलं मी स्वतः पाहिलंय.

गोव्याचा विषय टाळता येत नाही कारण सिंधुदुर्गात डिझेल म्हटलं की कुणीतरी म्हणतंच, "पत्रादेवीक जावन भर." पत्रादेवी म्हणजे हद्द ओलांडली की लागणारं गोव्यातलं गाव. तिकडे व्हॅट कमी, लिटरला चारेक रुपये स्वस्त पडतं. मालवणहून जाऊन येऊन १३० किलोमीटर, म्हणजे सात लिटर, साडेसहाशे रुपये जाळून ४० लिटरवर १६० रुपये वाचवायचे. बांद्यात राहणाऱ्याने किंवा म्हापशाला कामाला जाणाऱ्याने जरूर भरावं. मामा फक्त त्यासाठी दोनदा जाऊन आलेत, डायरीत शेरा "फिरणे".

एक बारकी गोष्ट नव्या गाडीवाल्यांसाठी. माझ्या एका मित्राची २०२१ ची बीएस-६ डिझेल आहे, मालवणातल्या मालवणात फिरते, बाजार, शाळा, तारकर्ली. त्याचा डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला आणि शोरूमबाहेर कुणीतरी सांगितलं प्रीमियम भर. दोन टाक्या भरल्या, दिवा तसाच. डीपीएफमधली काजळी जळायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, ते चार किलोमीटरच्या फेऱ्यांत येतच नाही, डिझेल कुठलंही असो. त्याला म्हटलं रविवारी कुडाळपर्यंत ये आणि हायवेला लागून सावंतवाडीपर्यंत न थांबता जा. गेला, दिवा विझला, वर मळगावात जेवून पण आला. त्याच्यासारख्या वापराला मुळात डिझेल गाडी घ्यायलाच नको होती, पण ते आता सांगून काय.

सध्या काय चाललंय ते सांगतो. मामा साधंच भरतात, हायवेच्या मोठ्या पंपावर, जिथे ट्रकांची रांग असते. ज्या रांगेला कंटाळून ते छोट्या पंपावर जायचे त्याच रांगेत आता समाधानाने उभे राहतात, म्हणतात ट्रकवालो जय भरता थय डिझेल शिळा नसता. फिल्टर मॅन्युअल सांगतं त्याच्या आधीच बदलायचा ठरलाय, गणपती झाले की एकदा पाणी सोडायचं, पावसात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. प्रीमियमची एक टाकी पीयूसीच्या आधी भरायची सवलत मला मिळालीय, एका टाकीने काही होणार नाही हे मलाही माहीत आहे आणि मामांनाही, पण मी हरलो तेव्हा मामांनी दिलेली ती तडजोड आहे. दादा अजून टेस्कोतच भरतो, त्याला मी विचारलं फिल्टर कधी बदललास, त्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही आणि मग गॅरेजच्या बिलाचा फोटो पाठवला, त्याच दिवशीच्या तारखेचा.

बाटली मेस्त्रींच्या खिडकीत अजून आहे. गिऱ्हाईक प्रीमियमबद्दल विचारायला लागलं की ते काही न बोलता ती हलवून समोर ठेवतात आणि चहा सांगतात, चहा संपेपर्यंत पाणी खाली बसलेलं असतं. मागच्या आठवड्यात मामांच्या डायरीत नवीन रकाना आलाय, "फिल्टर", आणि परवाच्या टाकीचा केपीटीएल १८१. मामांचं म्हणणं मामीच्या माहेरचे तीन नारळाचे पोते होते डिकीत.